आमेनकाकांची जागा

आण्णा त्या दिवशी नुसती स्पीकरची वायर बदलायला गेले होते.

आण्णा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी विजेची कामं केली. सासूबाई म्हणायच्या, हा माणूस खोटं बोलत नाही, फक्त लांबण लावतो. ही गोष्ट आण्णांनी सांगितली तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. आमचं बाळ रडून रडून नुकतंच माझ्या मांडीवर गप्प झालं होतं. उठेल या भीतीनं कुणी हलत नव्हतं. हे भिंतीला टेकलेले, नणंद माझ्या पायाशी. आण्णांनी आवाज अगदी खाली घेतला होता.

ते चर्च म्हणजे साधं चर्च नव्हे, कॅथेड्रल. अँग्लिकन लोकांचं. बिशपसाहेबांची खुर्ची जिथे असते ते कॅथेड्रल. "खुर्ची तिथे, बिशपसाहेब फिरतीवर," आण्णा म्हणाले, "आणि सगळा गाडा चालतो तो ज्याच्या कमरेला किल्ल्या त्याच्या जिवावर."

किल्ल्या ज्याच्या कमरेला होत्या तो आण्णांचा जुना दोस्त. चर्चचा राखणदार. दारं उघडायची, घंटा द्यायची, मेणबत्त्या लावायच्या, वेदीवरचं कापड बदलायचं, ही सगळी त्याचीच कामं. त्याला सगळे आमेनकाका म्हणायचे. त्याचं कारण असं, की त्या चर्चमध्ये रोज संध्याकाळी साडेसहाला प्रार्थना होते. कुणी येवो न येवो, होतेच. म्हातारे पाळकसाहेब पुढे उभे राहून एक ओळ म्हणतात, लोकांनी दुसरी म्हणायची, शेवटी आमेन. रविवारी माणसं मावत नाहीत. पण मंगळवारी, बुधवारी कोण येतंय? मग मागच्या बाकाशी, दाराजवळ उभं राहून उत्तरं द्यायचा हा एकटा.

"एकटाच?" नणंदेनं विचारलं.

"एकटाच. पाळकसाहेब म्हणायचे, उत्तर द्यायला एक तरी माणूस पाहिजे, भिंतींशी बोलण्याइतकं वेड मला अजून लागलेलं नाही."

त्या वर्षी काका फार दमला होता. चर्चचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही म्हणे, नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी होतं. त्या दिवशी वेदीवर जांभळं कापड घालायचं. दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची. नाताळला रात्री बाराची उपासना, पहाटे सहाची, परत नवाची, आणि मधे माणसानं झोपायचं कधी ते कुणी ठरवलेलं नाही. मग राखेचा बुधवार, तिथून उपासाचा काळ. चाळीस दिवस पुन्हा जांभळं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वेदी उघडी करायची आणि ईस्टरच्या रविवारी पहाटे चारला उठून ती पांढऱ्या कापडानं, फुलांनी भरायची. त्यातच लग्नं, मयतं, बाप्तिस्मे, नव्या पाळकांच्या दीक्षा, शाळांचे गाण्याचे कार्यक्रम. पुढे एक रविवार लाल. आणि त्यानंतर हिरवं. पाच-सहा महिने नुसतं हिरवं.

"काका म्हणायचा, रंग बदलतात रे, कंबर तीच," आण्णा म्हणाले. हे हसले. मी ह्यांच्याकडे डोळे वटारले, बाळ चुळबुळलं होतं.

त्या हिरव्या दिवसांत काकाची लेक बाळंतपणाला घरी आली. घर म्हणजे चर्चच्या मागच्या दोन खोल्या, नोकरीबरोबर मिळालेल्या. जावई जहाजावर, सहा महिने समुद्रात. काकाची बायको दवाखान्यात आया, दुपारी दोन ते रात्री दहा. ऑगस्टमध्ये नात झाली. नाजूक, दोन किलोची. आणि बरोबर साडेसहाचा ठोका पडला की ती पोर जी रडायला लागायची, ती आठपर्यंत.

"हे मला सांगायला नको," मी म्हटलं.

"तुला सांगत नाही गं, ह्याला सांगतोय," आण्णांनी ह्यांच्याकडे बोट केलं.

तर पोर कुणाकडेच राहायची नाही. आजोबानं खांद्यावर टाकून अंगाई म्हटली की तेवढी गप्प. आणि नेमका त्याच वेळी आजोबा चर्चमध्ये. ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी लेकीला ताप भरला. पोर रडून निळी पडायला लागली. काकानं घड्याळाकडे पाहिलं, आणि गेला नाही. म्हटलं, जाऊ दे, एक दिवस पाळकसाहेब भिंतींशी बोलतील.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेला. तो तोंड उघडायच्या आधी पाळकसाहेबच म्हणाले, "काल तुमचा घसा मोकळा होता हो. बरं वाटलं ऐकून."

पाळकसाहेबांची नजर अधू. त्यात रोजच्या प्रार्थनेला पुढचे दोनच दिवे लावायचे. मागचं बाक त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. काकानं मनाशी म्हटलं, आला असेल कुणी वाटसरू, भला माणूस. आणि तो काही बोलला नाही.

"इथं चुकला," आण्णा म्हणाले.

मग परत एकदा गेला नाही. मग आठवड्यातून दोनदा. नोव्हेंबर लागला तसं जाणंच सोडलं. सहाला घंटा द्यायची, मेणबत्त्या लावायच्या, आणि गुपचूप घरी येऊन नातीला खांद्यावर घ्यायचं. पाळकसाहेबांची कधी तक्रार नाही. पोर हळूहळू अंगानं भरायला लागली. लेकीच्या चेहऱ्यावर रंग आला.

मी म्हटलं, "असं कुणी मलाही मिळालं तर किती बरं होईल, आण्णा. तासभर कुणी माझ्या जागी बसलं तर डोळा तरी लागेल."

आण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असं बोलू नये पोरी. रात्रीचं तर नाहीच नाही."

आता ती वायर. नोव्हेंबरची दहा तारीख, मंगळवार. मागच्या माळ्यावरचा स्पीकर खरखर करत होता म्हणून आण्णा शिडी लावून वर चढले होते. प्रार्थना सुरू झाली. आवाज नको म्हणून पक्कड खाली ठेवून ते गप्प बसले. खाली पुढे पाळकसाहेब ओळ म्हणायचे, आणि आण्णांच्या बरोबर खालून, मागच्या बाकावरून, उत्तर यायचं. काकाचाच आवाज. तोच थोडा नाकातला, तेच आमेन लांबवणं. आण्णांना वाटलं, चला, संपलं की दोघं मिळून चहा घेऊ. पाळकसाहेब गेल्यावर ते उतरले. बाकाशी कुणी नाही. म्हणून मागच्या खोल्यांकडे गेले.

काका दारात. अंगात बनियन, पायात चप्पल नाही, खांद्यावर नात.

"अरे, माझ्या आधी कसा पोचलास? आत्ता तर आत आमेन म्हणत होतास."

काकाचं तोंड पांढरं पडलं. नातीच्या पाठीवर थोपटणारा हात थांबला. मग त्यानं सगळं सांगितलं. म्हणाला, "मला वाटत होतं दुसरं कुणी असेल. माझाच आवाज? नक्की?"

"तीस वर्षं ऐकतोय तुला, ओळखणार नाही?"

"कोण असेल रे?"

"मी त्याला सल्ला दिला," आण्णा आम्हाला म्हणाले. "मीच. म्हटलं, जाऊन बघ की एकदा. आपल्या जागी कोण उभं आहे ते माणसाला माहीत नको?"

आठ दिवस काकाचा धीर झाला नाही. मग आली नोव्हेंबरची सतरा. तोही मंगळवारच. मृतांच्या स्मरणाचा दिवस वगैरे म्हणाल, तर तो होऊन पंधरा दिवस झाले होते. ना सण, ना उपास. वेदीवर हिरवं कापड. चर्चचं वर्ष संपायला बारा दिवस उरलेले. बाहेर सहालाच काळोख पडला होता.

त्या दिवशी नवल झालं. साडेसहा वाजून गेले तरी पोर रडली नाही. पाळण्यात पडून छताकडे बघत होती. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही आहात ना? तीन महिन्यांत नीट अंघोळ नाही झाली. डोकं धुऊन येते."

"आहे मी. जा तू."

न्हाणीची आतून कडी लागली. पाणी पडायला लागलं. काकानं पाळण्यात डोकावलं, पोर शांत. त्यानं मनात मोजलं... इथून चर्चचं मागचं दार साठ पावलं. जायचं, डोकवायचं, यायचं. पाच मिनिटं. दिवा तसाच ठेवला. दार लोटून घेतलं. निघाला.

मागच्या दारानं आत शिरला. पुढे दोन दिवे. पाळकसाहेब पाठमोरे. काका खांबाआड उभा राहिला आणि बाकाकडे बघायला लागला.

बाक रिकामं होतं.

पाळकसाहेबांनी ओळ म्हटली. थांबले.

उत्तर नाही.

पुन्हा म्हटली. जरा मोठ्यानं.

काही नाही... मेणबत्तीची वात तडतडली तेवढीच.

"आहात ना?" पाळकसाहेब न वळता म्हणाले. "आज काय झालं? रोज तर असता."

काकाच्या तोंडून आपोआपच निघालं, "आमेन." भलत्याच जागी. पण निघालं. पाळकसाहेबांनी मान हलवली आणि पुढे म्हणायला लागले. काकाला एकदम हलकं वाटलं. कुणी नाही. कधी कुणी नव्हतंच. म्हाताऱ्याचे कान, आण्णाचे कान... तो बाकावर बसलाही असता.

मग त्याच्या लक्षात आलं.

महिनाभर तो इथं नव्हता, तर इथं कुणी होतं. आज तो इथं आहे. म्हणून इथं कुणी नाही.

आज तो... तिथं नाही.

आण्णा थांबले. नणंदेनं माझ्या साडीचा काठ मुठीत धरला होता. मी आण्णांना पुढे सांगू नका म्हणणार होते, आणि सांगा म्हणणार होते.

काका पळाला. साठ पावलं. अंधारात दगडाला ठेचकाळला. उठला. खिडकी दिसली.

दिवा बंद होता.

दाराशी पोचला. आत पाणी पडण्याचा आवाज. मग पाणी थांबलं. आणि न्हाणीतून लेकीचा आवाज आला. हसरा.

"बाबा... थांबलात का? म्हणा की. किती दिवसांनी इतकी छान अंगाई म्हटलीत."

काका बाहेर उभा. हात दारावर.

"बाबा?"

आत... शांत.

त्यानं दार ढकललं. भिंत चाचपली. बटण दाबलं.

खोलीत कुणी नव्हतं. न्हाणीची कडी लागलेली. खिडकी बंद. पाळणा हलत होता. मोठा झोका... मग लहान... मग अगदी लहान...

थांबला.

"आणि पोर?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "आण्णा, पोर?"

"होती. पाळण्यातच."

"मग?"

"झोपली होती. गाढ. श्वास नीट चाललेला. काकानं छातीला कान लावून लावून पाहिलं. त्या रात्री सलग दहा तास झोपली. जन्मल्यापासून पहिल्यांदा."

"दहा तास," हे पुटपुटले. कुणी हसलं नाही.

त्या दिवसापासून काकानं एकही प्रार्थना चुकवली नाही. साडेसहाला नातीला खांद्यावर घ्यायचा आणि मागच्या बाकाशी जाऊन उभा राहायचा. ती रडली तर रडू द्यायचा. पाळकसाहेब म्हणायचे, आता उत्तर द्यायला दोन माणसं झाली. बारा दिवसांनी नवं वर्ष लागलं. त्यानं जांभळं कापड घातलं. पुन्हा तीच मेणबत्ती, तीच नाताळची रात्र, तीच राख. कंबर दुखते म्हणून परत कधी तक्रार केली नाही. लेकीला मात्र आजतागायत काही सांगितलं नाही. पोर आता शाळेत जाते, धडधाकट आहे. आण्णांनी हे माझ्याकडे बघून दोनदा सांगितलं.

"मग झालं तर," हे म्हणाले. "भास झाला असेल. दमलेला माणूस."

"मीही तेच म्हटलं त्याला," आण्णा म्हणाले. "तेव्हा त्यानं कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला."

लेक न्हाणीत गेली तेव्हा पोर पाळण्यात मोकळी होती, हातपाय हलवत. काकानं दिवा लावला तेव्हा ती गुंडाळलेली होती. घट्ट, नीट, गळ्यापासून पायापर्यंत, घरातल्याच चादरीत. आणि छातीवर गाठ. काकानं सोडवायला घेतली, सुटेना. काकाचा हात तीस वर्षं घंटेच्या दोरावर. दोर बांधणं, जोडणं, आखडणं, सगळं त्याचंच. त्याला ती गाठ कसली तेच कळेना. शेवटी लेक बाहेर यायच्या आत त्यानं कात्रीनं चादर बाजूनं कापली आणि पोर अलगद बाहेर काढली.

"मी पाहिलीये ती गाठ, त्या डब्यातली," आण्णा म्हणाले. "हातात घेऊन पाहिलीये, भर दुपारी, उजेडात. मुठीएवढी आहे. फिरवून फिरवून बघितली."

त्यांनी माझ्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं.

"तिला टोकंच नाहीत."