न जाळलेला पतंग

खोटं वाटत असेल तर इथूनच मागे फिरा. मला कुणाला पटवायचं नाही. घडलं ते माझ्याच घरात घडलंय.

गेल्या वर्षीची दोन नोव्हेंबर. ग्वाटेमालातलं आमचं सांतियागो गाव.

त्या दिवशी आमच्याकडे मेलेली माणसं भेटीला येतात. आम्ही कबरस्तानात पतंग उडवतो आणि अंधार पडायच्या आत तिथंच जाळतो. धूर वर गेला की त्याच्यामागून तीही परत जातात.

मी जाळला नाही.

चाळीस दिवस खपून चिकटवलेला, माझ्याएवढा उंच. त्यात गावच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस! का म्हणून जाळू?

"नासारियो, जाळ तो," तोमासाताई म्हणाली. "बाबा आलेत. त्यांना जाऊ दे."

"मेलेला माणूस काय करणार आहे गं?"

जिवंतपणी बाबांनी आईचा हात दोनदा मोडला होता. ते गेल्यापासून, गेली चार वर्षं, कुठं आई हसायला लागली होती.

मी पतंग घरी आणला. भिंतीवर टांगला.

सात वाजता जेवायला बसलो. दारं बंद. वाऱ्याचा पत्ता नाही.

तरी पतंगाची कागदी झालर वाजायला लागली... फर्रर्र... फर्रर्र...

"कुत्री का भुंकत नाहीत रे?" ताईनं विचारलं.

खरंच. अख्ख्या गल्लीत एकही नाही.

मग झालरही थांबली...

आई उठली. मक्याच्या गरम भाकऱ्या आणि घेवडा तिनं रिकाम्या खुर्चीपुढं वाढला.

"कुणाला वाढतेस?"

"हळू बोल," ती पुटपुटली. "पिऊन आलेत."

मी खुर्चीकडं बघत राहिलो.

"बघतोस काय मुडद्या, जाळ आधी तो पतंग!" ताई किंचाळली.

अंगणात नेऊन काडी लावली. पतंग भसकन पेटला.

पण धूर वर गेला नाही...

जमिनीलगत सरपटत आला. उंबरा ओलांडून सरळ आईच्या खोलीत शिरला.

यंदा पतंग वेळेवर जाळला. पाया पडून जाळला. धूर वर गेला, सगळ्या गावानं पाहिला.

आई मात्र अजून हसत नाही. भिंतीला चिकटून झोपते... अर्धी खाट मोकळी सोडून.

परवा न राहवून म्हणालो, "आई, जरा ऐसपैस झोप ना."

"तुला काय जातंय सांगायला?" ती म्हणाली. "मार मला बसतो."