कोंबडी आणि जाडा आचारी

लाजाळू मी कधीच नव्हते. तरी भर क्लबात खुर्चीवर उभी राहून मी कोंबडीच्या आवाजात ओरडेन, असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

गुरुवारची दुपार. इस्राएलमधल्या डिमोना गावच्या आमच्या क्लबात कार्टून लागलं होतं — सुरी घेतलेला जाडा कुत्रा आचारी, आणि जीव मुठीत धरून पळणारी कोंबडी. दोन मिनिटांत सिनेमाच्या मशीनचा आवाज गेला. पोरं बोंबलू लागली, कोकणातून आलेल्या आमच्या म्हाताऱ्या उठायला लागल्या. मला राहवलं नाही. चढले खुर्चीवर, आणि कोंबडी वळल्याबरोबर मराठीत सुरू केलं, "मेल्या, मला शिजवतोस? आधी स्वतःची ढेरी बघ!"

हशा पिकला. आणि मागून, मशीनजवळच्या अंधारातून जाड्या आवाजात उत्तर आलं, "ढेरी राहू दे गं... तू जवळ तर ये!"

मी वळून पाहिलं. मशीन चालवणारा पिन्हास! मराठीत विचारलं तरी हिब्रूत उत्तर देणारा!

"जवळ येऊ? कशाला?"

"मसाला लावायला."

नेमका तेव्हाच पडद्यावर कोंबडीने कुत्र्याच्या थोबाडावर तवा हाणला. थोबाड भाकरीएवढं चपटं!

"घे, लाव मसाला!" मी म्हटलं. शेजारची ब्राखामावशी हसून हसून रडायला लागली.

रीळ संपल्यावर मी त्याला गाठलं. "इतकं मराठी कुठून रे आलं?"

"आजीकडून. तिच्याशिवाय कुणाशी कधी बोललो नाही..." तो माझ्याकडे बघत राहिला, मग घाईघाईने वायर गुंडाळायला लागला. कान लालभडक झाले होते.

मशीन दुरुस्त झालं, पण लोक आवाज लावू देईनात. कार्टून एकच, बोलणं मात्र दर गुरुवारी नवं. त्या सात मिनिटांसाठी मी आठवडाभर जगायची. खोटं कशाला बोलू?

मग एका गुरुवारी मी हाका मारल्या, चिडवलं, शिव्या घातल्या... आणि मागून चकार शब्द नाही. कुत्रा मुक्यानेच धावत होता. शेवटी मी खुर्चीवरूनच विचारलं, "पिन्हास, काय झालं?"

"मझल टोव," त्याने हिब्रूत अभिनंदन केलं. एवढंच.

"कशाबद्दल?"

"रविवारी तुमच्याकडे मलिदा झाला ना. पोह्यांचं ताट, नारळ, फळं घेऊन बायका जाताना मी बघितल्या. घरात लग्नाची पोरगी, आणि मलिदा... मला काय कळत नाही? मी तिकडे लांब, मित्स्पे रामोन गावी नोकरी घेतली, पनिना. सोमवारी जातो."

मला असा राग आला म्हणता!

"अरे येड्या! शमशोन मिलिटरीतून धडधाकट घरी आला, म्हणून आईने एलियाहू हानबीचा नवस फेडला! माझ्या भावाचा मलिदा होता तो! आमच्यात काय फक्त साखरपुड्यालाच मलिदा करतात? विचारायचं तरी होतंस!"

"विचारायला... भीती वाटली."

"आणि मला वाटत नाही? जाऊ नको ना. मला तू हवा आहेस."

बोलून गेले तेव्हा कळलं, हा आवाज कोंबडीचा नव्हता. क्लबातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. पोरांचीसुद्धा.

मशीन तसंच चालू ठेवून पिन्हास पडद्यासमोर आला. त्याच्या पांढऱ्या शर्टावरून कोंबडी पळत होती.

"सोमवारी कळवतो त्यांना, येत नाही म्हणून," तो म्हणाला. पुढचं जेमतेम ऐकू आलं. "मलाही तूच हवी आहेस. पहिल्या दिवसापासून... तुझ्या आईला कधी भेटू?"

"तिसऱ्या रांगेत बसलीय. विचार तिलाच."

आई उठली. पदर सारखा केला. "उद्या शुक्रवार, शनिवारच्या शब्बाथची घाई. रविवारी ये. आईबापांना घेऊन ये, आणि आजीला विसरू नको!"

ब्राखामावशीने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मला खाली उतरवायला पिन्हासने हात पुढे केला, आणि अख्ख्या डिमोनासमोर मी तो धरला.