कड्यावरची चाळीस झाडं

"माझ्या नवऱ्याने झाडं मारलेली नाहीत," वनरक्षकाची बायको खुर्चीत टेकायच्या आत म्हणाली. कड्यावरची चाळीस पाइनची झाडं वाळत चालली होती आणि त्याच्या चौकीत तणनाशकाचा रिकामा डबा सापडला होता. परवा चौकशी होती. नोकरी तर जाणारच होती, वर तुरुंगही.

खासगी तपासाचा धंदा वहिनी नवऱ्याच्या मागे एकट्याच चालवत होत्या. धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, बॅग उचलायला सोबत असत. विचार करण्याचं खातं त्यांच्याकडे नव्हतं.

कडा चढताना भाऊजींची दमछाक झाली. वहिनी मात्र एकेका झाडाभोवती फिरल्या. पानं पिवळी होती ती दरीकडच्या अंगाची, मागची हिरवी. खोडांवरचं दगडफूलही मागेच तगलं होतं. बुंध्याशी गवत टवटवीत होतं. चौकीतल्या डब्यावर तांबड्या रंगात चारचा आकडा होता.

वहिनींनी विचारल्यावर या जंगलातलं लाकूड घेणाऱ्या ठेकेदाराने हात झटकले. उभं वाळलेलं लाकूड तडकतं, ते आपल्या काय कामाचं, असं त्याचं म्हणणं.

दरीत तांबं गाळायचा कारखाना होता. तिथले व्यवस्थापक अघळपघळ बोलले. धूर चुन्याच्या पाण्याने धुऊनच बाहेर सोडतो, रोज दोन पोती चुना लागतो, म्हणाले. गोदामात भाऊजी एका पोत्यावर बसले आणि कण्हत उठले. सगळी पोती टणक होती, वर कोळ्यांची जाळी. शेजारी तांबडे आकडे घातलेले तणनाशकाचे डबे होते: एक, दोन, तीन, पाच. भाऊजींनी ते मोजले आणि विसरले.

चौकशीला वन अधिकाऱ्यासमोर वहिनी उभ्या राहिल्या. कारखान्याचे व्यवस्थापकही तिथे हजर होते.

"मुळाशी तणनाशक ओतलं असतं, तर आधी गवत मेलं असतं. झाडं पिवळी पडलीत ती दरीकडून, म्हणजे विष हवेतून आलं. दगडफुलाला घाण हवा सोसत नाही, म्हणून ते आडोशालाच उरलंय."

"आमचा धूर धुतलेला असतो," व्यवस्थापक म्हणाले.

"कशाने? तुमचा चुना पोत्यातच दगड झालाय, त्याला कित्येक दिवसांत हात लागलेला नाही. झाडं वाळली, बोट आपल्याकडे वळणार हे तुम्हाला कळलं, तेव्हा तुम्ही चार नंबरचा डबा चौकीत नेऊन ठेवलात. तुमच्या गोदामात तीननंतर थेट पाच आहे."

भाऊजींनी हळूच कबूल केलं की त्यांचा संशय ठेकेदारावरच होता.

चिमणी बंद करण्याचा हुकूम अधिकाऱ्याने तिथेच लिहिला आणि बजावायला वनरक्षकाच्याच हाती दिला. बायको रडली, हसलीही. दुपारपर्यंत धूर थांबला. लोक रस्त्यावर येऊन टाळ्या वाजवत होते, पण वनरक्षक त्यात नव्हता. हुकूम फाटकावर चिकटवून तो थेट कड्याच्या वाटेला लागला होता. चाळीसपैकी एकतीस झाडं अजून जगणार होती.