सरदाराची शेवटची एंट्री

"बर्फ मीच भरला, झाकणही मीच लावलं. आत बाबा होते," ती म्हणाली, आणि पुढ्यातल्या चहाकडे नुसती बघत राहिली.

मावशींनी विमा कंपन्यांसाठी इतके खोटे दावे पकडले होते की रडणाऱ्या माणसावर त्यांचा चटकन विश्वास बसत नसे. ही रडत नव्हती, म्हणून त्यांनी ऐकून घेतलं. मास्तर मात्र लगेच विरघळले. निवृत्तीनंतर मावशींच्या मागे मागे हिंडणं आणि चुकीचा माणूस पकडणं, हेच त्यांचं काम उरलं होतं.

प्रकरण पेपरात आलंच होतं. वस्तीच्या सभागृहात हौशी मंडळींचं नाटक, आणि प्रेक्षकांनी ते टेबलांवर जेवता जेवता बघायचं. रक्तपिपासू सरदार शवपेटीतून धुरासकट उठतो आणि नायिका किंचाळते. सरदार म्हणजे तिचे बाबा आणि नायिका ती. शनिवारी पेटी उघडली, भरपूर धूर आला, पण सरदार उठलाच नाही. टाळ्या मात्र कडाडून पडल्या.

धुरासाठी पेटीत पायाशी कोरडा बर्फ ठेवत. त्याचा वायू जड असतो आणि बंद जागेत माणसाचा जीव घेतो. म्हणून पेटीच्या बाजूंना, अगदी तळाशी, भोकं ठेवलेली. पोलिसांना ती मेणानं बुजवलेली सापडली.

"मेण कुणी का लावेना, आई म्हणते, बर्फ तूच जास्त घातलास. माझ्याशी बोलतच नाही ती. मावशी, मला एवढंच कळू दे. बाबा माझ्यामुळे गेले का?"

सभागृहात टेबलं अजून तशीच मांडलेली होती. दिग्दर्शक म्हणजे तिचे काका, बाबांचे धाकटे भाऊ. ते आल्या आल्या बोलू लागले.

"पोलिसांचा डोळा माझ्या मुलावर आहे. नाटकात तो सरदाराचा नोकर. पेटीची बाहेरची कडी तोच काढतो. पुढच्या महिन्यापासून सरदारही तोच होणार होता. दादाला झेपत नव्हतं हो, एंट्री चुकायची."

"बर्फ किती होता?"

"नेहमीएवढाच. मीच तोडून देतो. पण भोकांतून धूर निघून जातो ना! मागच्या खेळाला दादा उठला तेव्हा धूर उरलाच नव्हता. पहिल्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, 'सरदाराची चूल विझली वाटतं!' सगळे खो खो हसले. दादाला ते फार लागलं."

मास्तरांनी मावशींना कोपरानं ढोसलं. "भूमिका मुलाला मिळणार होती, आणि कडीही त्याच्याच हातात!"

"मास्तर, भूमिका मिळणारच होती, तर खून कशाला करील?"

आचारी वेगळ्याच कारणानं चिडलेला होता. "सरदार पडद्याआधी टेबलांमधून फिरून लोकांना घाबरवायचे. ते पेटीत झोपायला गेले आणि बघतो तर पहिल्या टेबलावरची मेणबत्ती गायब! माणसं अंधारात सूप पीत होती. नशीब, पेटीतून टकटक आली आणि सगळी हसायला लागली, नाहीतर माझ्यावरच घसरली असती."

काकांचा मुलगा, म्हणजे सरदाराचा पुतण्या, खुर्चीत अंग चोरून बसला होता.

"तू टकटक ऐकलीस?" मावशींनी विचारलं.

"ऐकली. पण कडी ताईचं वाक्य संपल्यावर काढायची, असं ठरलं होतं." तो खाली बघू लागला. "उघडल्यावर थोरल्या काकांचा हात धरला. गारठलेला होता."

"हातमोज्यातून कळलं?"

"मोजे खिशात होते. एरवी ते घालूनच पेटीत झोपायचे."

मावशी सरळ पेटीत आडव्या झाल्या. "झाकण लावू नका, मास्तर. तुमचा भरवसा नाही." मग हात लांब करून त्यांनी एकेक भोक चाचपलं. मास्तरही वाकून बघू लागले.

"आतून मेणात खळगे पडलेत. वितळलं असेल."

"बर्फाशेजारी?" मावशी म्हणाल्या आणि उठून बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना तिथेच बोलावलं. आई आली ती मुलीपासून दोन खुर्च्या सोडून बसली.

"भोकं बुजवणारा माणूस पेटीच्या आत होता," मावशी म्हणाल्या. "मेणात अंगठ्याचे खळगे आहेत, आणि ते आतल्या बाजूनं. मेण दाबायचं म्हणून त्यांनी मोजे काढले. मेणबत्ती टेबलांमधून फिरताना उचलली, तीही हसणाऱ्यांच्याच टेबलावरून. धूर बाहेर जाऊ द्यायचा नव्हता. भूमिका जाणारच होती, तर जाता जाता एकदा ढगातून उठायचं होतं त्यांना. बर्फ नेहमीएवढाच होता. पोलिसांना मी कळवलंय. पोराला आता त्रास होणार नाही."

काकांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. आई उठून मुलीच्या शेजारी येऊन बसली. तिनं लेकीचा हात हातात घेतला, तशी मुलगी पहिल्यांदा रडली.

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच," मावशी घाईनं म्हणाल्या. "चला, मास्तर."

पण मास्तरांचं डोकं नको तेव्हा चालतं. "थांबा हो. वायूनं जीव जातो हे त्यांना ठाऊक असणार. गुदमरलं तर बाहेर कसं यायचं ठरवलं होतं त्यांनी?"

मावशींनी डोळे मिटले. उत्तर त्यांना काल पुतण्याशी बोलतानाच मिळालं होतं, आणि ते त्यांना सांगायचं नव्हतं.

"टकटक करून," काका पुटपुटले. "पहिल्यापासून तीच खूण होती. दादानं टकटक केली की कडी काढायची."

"मग ती बदलली कुणी?" आईनं विचारलं.

पुतण्यानं ताईकडे बघितलं. मुलीनंच तोंड उघडलं. "मी. बाबा आधीच टकटक करायचे आणि माझं भाषण अर्ध्यावर तुटायचं. मी याला म्हटलं, ते वाजवू देत, तू माझं संपल्यावरच उघड."

"आणि त्यांना सांगितलंस?"

"वाईट वाटलं असतं त्यांना."

आईचा हात अजून मुलीच्या हातात होता. "शनिवारी ते वाजवत होते, तेव्हा तुला ऐकू येत होतं?"

"येत होतं. सारखं वाजत होतं. लोक हसत होते, आई. म्हणून मी आवाज चढवला."