एजंट आधी दार वाजवायचा

ही गोष्ट ऐकून लोक आधी हसतात. हसा. पण जे घडलं ते माझ्यासमोर घडलं, भर दुपारी, लख्ख उन्हात. आणि त्याच घरात मी आजही राहते.

मी विमा कंपनीत दावे तपासते. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच मी कामाला बसते, म्हणून घरात मला 'तपासनीस' म्हणतात. नवरा नेमका उलटा. कोणीही यावं आणि त्याला टोपी घालून जावं.

सासूबाईंचा सगळा जन्म भाड्याच्या घरांत गेला. डोळे मिटायच्या आत स्वतःच्या घरात राहायचं, एवढी एकच इच्छा. त्यामुळे गल्लीच्या टोकाचं ते बैठं घर आपल्याला परवडतंय म्हटल्यावर नवरा हवेतच होता.

मला मात्र पहिला प्रश्न पडला, इतकं स्वस्त का?

घर दाखवायला आलेला एजंट गोडबोल्या होता. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्याने बाहेरचं कुलूप काढलं.

आणि मग... दार वाजवलं.

टक. टक. टक.

वाजवून तो मान खाली घालून उभा राहिला.

"बाहेरून कुलूप होतं ना? मग आत कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही हो वहिनी. सवय आपली."

हसला, पण दार ढकलायची घाई काही केली नाही.

घर छान होतं. बरेच दिवस बंद, म्हणून सगळीकडे बोटभर धूळ. एजंट दबक्या आवाजात एकेक खोली दाखवत होता. शेवटच्या खोलीशी पुन्हा थांबला. पुन्हा टकटक. पुन्हा वाट पाहणं.

तीही रिकामीच होती. पण तिथे...

धूळ नव्हती.

"परवाच झाडून घेतली," मी न विचारताच तो म्हणाला. न विचारता मिळालेलं उत्तर माझ्या धंद्यात बहुतेक वेळा खोटं निघतं.

मी आजूबाजूला चौकशी केली. घरात कोणी वारलं होतं का? भांडण, कोर्टकचेरी? काही नाही. आधीचे लोक धडधाकट होते, बदली झाली म्हणून गेले. कागद वकिलाला दाखवले. तेही स्वच्छ.

"आता भिंतींची उलटतपासणी घे," नवरा म्हणाला.

नाही म्हणायला माझ्याकडे कारणच उरलं नाही.

कराराच्या दिवशी एजंट म्हणाला, "सह्या ऑफिसात नको. घरातच करू."

"का?"

"बरं असतं, वहिनी."

मी खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून प्रत्येक ओळ वाचली. घरमालकाच्या वतीने तोच सही करणार होता. त्याचं लक्ष कागदाकडे नव्हतं. तो सारखा शेवटच्या खोलीकडे बघत होता.

शेवटची सही झाली आणि माणूसच बदलला. इतके दिवस कुजबुजणारा तो एकदम मोठ्याने बोलायला लागला.

"आता घर यांचं. पूर्णपणे यांचं."

हे तो आम्हाला सांगत नव्हता. त्याचं तोंड त्या खोलीकडे होतं. किल्ल्या माझ्या हातात कोंबून तो जवळजवळ पळालाच.

"चांगला माणूस आहे," नवरा म्हणाला.

तेवढ्यात...

टक. टक. टक.

शेवटच्या खोलीच्या दारावर. आतून.

"पाइप असेल," नवरा म्हणाला. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. का, ते सांगता येणार नाही. आत जे होतं ते उत्तराची वाट बघतंय, एवढं मात्र मला कळलं.

पुन्हा... टक. टक. टक. हळू. अगदी अदबीने.

सासूबाई हौसेने आमच्यासोबत आल्या होत्या, त्या स्वयंपाकघरात होत्या. शेगडी कुठे ठेवायची, डबे कुठे लावायचे, आपल्याच नादात. मी त्यांच्याकडे धावले, पण उशीर झाला. दार वाजलं की जन्मभर जे म्हणत आल्या तेच त्या म्हणाल्या.

"या की, उघडंच आहे."

आतली कडी... सरकली.

दार जरासं उघडलं. खोलीत कोणीही नव्हतं.

मी तिथूनच एजंटला फोन लावला.

"वाजलं का?" त्याने फोन उचलताच हेच विचारलं.

"काय आहे हे?"

"घर रिकामं असतं तेव्हा ते त्याचं असतं, वहिनी. म्हणून आपण वाजवायचं, त्याला आवरायला वेळ द्यायचा. सही झाली की घर तुमचं. मग विचारायची पाळी त्याची. कोणी ओ दिली नाही तर जातं निघून."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर सही केली असती?"

"आणि ओ दिली तर?"

त्याचा आवाज पुन्हा कुजबुजीवर आला.

"कोणी दिली?"

"सासूबाईंनी."

त्याने फोन ठेवला. त्यानंतर माझा एकही फोन त्याने उचललेला नाही.

घर विकू म्हणून मी किती डोकं फोडलं. सासूबाई ऐकायला तयार नाहीत. "आता माझं काय व्हायचं ते इथेच," म्हणतात. झोपायला त्यांनी तीच खोली निवडली. त्या दिवसापासून घरात काहीही वाजलेलं नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

आम्ही दोघं कामावर जातो. सासूबाई दिवसभर घरात असतात, म्हणून दुपारी मी रोज फोन करते. आज केला.

"आई, एकट्याच आहात ना?"

फोनवर हात ठेवल्यावर येते तशी... घुसमटलेली कुजबुज आली. मग हात निघाला.

"हो गं. एकटीच आहे."

सासूबाईंना खोटं बोलता येत नाही. इतक्या वर्षांत एकदाही बोललेल्या नाहीत. मी सुट्टी सांगितली आणि पर्स उचलून निघाले. घरी कोणालाच काही कळवलं नाही, नवऱ्यालाही नाही.

हे बसमध्ये बसून लिहितेय. आत्ताच सासूबाईंचा फोन येऊन गेला.

"बसमधून उतर आणि ऑफिसला परत जा," त्या म्हणाल्या.