चिमी नावाचा पाइप

सातारा स्टँडवर एकाच रिक्षात आम्ही दोघं दोन बाजूंनी चढलो आणि उतरायला कुणीच तयार होईना. मी अश्लेषा, मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत कामाला. तो सूरज, मूळचा जतचा, आमच्याच सांगली शाखेतून दोन्हीकडचे कॉम्प्युटर जोडायला आलेला! हे कळलं तेव्हा रिक्षावाला हसला आणि मी लाजले... उगाचच.

वाटेत त्यानं मेंढरांचं सांगितलं. घरची तीनशे मेंढरं, पण 'चिमी' अशी हाक मारली की एकच मान वर व्हायची.

"लय लांबनं यायची," तो म्हणाला आणि बाहेर बघत राहिला.

मग आठवडाभर तो माझ्या शेजारी बसून काम करत होता. माझ्या प्रोग्रॅमनं एक पाइप, म्हणजे दोन कॉम्प्युटरांमधली आकडे वाहून नेणारी वाट, तयार करायचा, त्याला नाव द्यायचं आणि थांबायचं. सांगलीच्या प्रोग्रॅमनं तेच नाव घेऊन जोडून घ्यायचं. मग मातीचे आकडे इकडून तिकडे, निरोप तिकडून इकडे. नाव चुकलं तर काय, असं मी विचारलं.

"काय न्हाई. ह्यो आपला वाट बघत बसतोय."

एवढे डोंगर, नद्या, उसाची शेतं मध्ये, आणि सगळं एका नावावर! माझ्या अंगावर काटा आला. माझं तोंड बघून तो हसला. ते हसू मला आवडलं. आवडलं म्हणजे — जेवण जाईना, इतकं.

पण सोमवारी तो नव्या नोकरीसाठी बंगळूरला निघणार होता. शनिवारी शेवटची चाचणी. तो सांगलीत, मी साताऱ्यात. नाव मी ठेवायचं होतं. ठेवलं, आणि फोनवर सांगितलंच नाही.

"म्याडम, नाव काय ठिवलंय?"

"तुम्हाला माहीत आहे."

मी फोन ठेवला. त्याला ओळखता आलं नाही तर मी मुकाट्यानं नाव सांगणार होते आणि मनातला विषय तिथंच संपणार होता. पाइपांची यादी काढून नाव शोधता येतं. पण तो तसं चोरून बघणार नाही, याची मला खात्री होती. दहा मिनिटं... वीस... माझा पाइप थांबलेला, मीही.

आणि जोडलं गेलं. आकड्यांच्या आधी निरोप आला: "चिमी. ध्येनात ठिवलंसा तुमी?"

"पहिल्या दिवसापासून सगळंच," मी लिहिलं.

मग एक ओळ उमटली: "बंगळूरला जायच्या आदी, उद्या आईला घिऊन तुमच्या घरी येऊ का?"

मी फक्त "या" लिहिलं. आणि ते सांगलीला पोचलंसुद्धा.