वाल्वचा आवाज

आदिनाथचा स्वभाव पहिल्यापासून संशयी. बाजारात कलिंगड घेतलं तरी तीन दुकानदारांना दाखवून आणणारा गडी. त्यामुळे रविवारी सकाळी सेलूहून रेल्वेनं परभणीला अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला निघाला, तेव्हा पिशवीत वडिलांची कॅसेट आणि स्वतःचा टेपही होता. दुकानदाराच्या गाण्यावर त्याचा भरवसा नव्हता.

ही सगळी खटपट मायसाठी होती. नवरा धोंडीबा गेला तेव्हापासून भिवराबाई आतून विझत चालली होती. भाकरी कुस्करून तशीच ठेवायची, कुणाशी बोलायची नाही. मागं राहिलं होतं काय, तर आधारकार्डावरचा ओळखू न येणारा फोटो आणि ही एक कॅसेट. धोंडीबा मेंढपाळ; खतासाठी कुणाच्या तरी शेतात मेंढ्या बसवल्या होत्या, तेव्हा भाच्यानं धोंडीबाच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. आदिनाथनं ती आपल्या स्टिरिओवर लावली, तर माय म्हणाली, "हा त्येंचा आवाज न्हाई. लय कोरडा हाय."

इंटरनेटवरच्या शौकिनांनी सांगितलं, की आवाजात ऊब हवी तर जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या वाल्वचा अ‍ॅम्प्लिफायर लाव.

परभणीत सूर्यभानच्या दुकानात तसे दोन होते. एक नवा, चकचकीत. दुसरा जुना, काळपट लोखंडी डब्यातला. नव्यावर ओव्या स्वच्छ वाजल्या. जुन्यावर लावल्या आणि आदिनाथचे हात थांबले. धोंडीबा ओवीच्या अधेमधे श्वास घ्यायचा, तोसुद्धा ऐकू येत होता.

"हाच द्या," तो म्हणाला.

सूर्यभाननं घाईघाईनं बटण बंद केलं. "नवा न्या भाऊ. गॅरंटी हाय त्याला."

"पण आवाज ह्याचा चांगला आहे."

"चांगला हाय... पण ह्याच्यात आवाज लय जवळ येतो. ज्यांनी आणून दिला ना, ते बी हेच म्हणले."

झालं! नवा माल गळ्यात मारायचाय म्हणून हा जुन्याला नावं ठेवतोय, हे आदिनाथच्या लगेच ध्यानात आलं. असले दुकानदार त्यानं पुष्कळ पाहिले होते. तो हट्टानं जुनाच घेऊन आला.

संध्याकाळी त्यानं मायला बैठकीत बसवलं. डब्यातले काचेचे वाल्व हळूहळू तांबूस झाले. गरम धुळीचा वास सुटला आणि त्यात, का कोण जाणे, ओल्या लोकरीचाही. ओवी सुरू झाली. भिवराबाईनं चटकन डोक्यावरचा पदर सारखा केला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि आदिनाथलाही भरून आलं.

ओव्या संपल्यावर टेपवर थोडी खरखर होती. मग फार लांबून, माळाच्या पलीकडून यावी तशी हाक आली.

"आदूच्या मायऽऽ..."

"ओऽऽ!" भिवराबाईनं ओ दिली.

तिचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? मेंढरं घेऊन माळोमाळ फिरणारी ही माणसं. अंधार पडताना गडी कळपाबरोबर लांब असला, की हाक मारायचा. बिऱ्हाडावरून बाईनं ओ द्यायची, म्हणजे त्याला बिऱ्हाड कुठल्या अंगाला आहे ते कळायचं. मग तो त्या आवाजावर चालत यायचा. सगळा जन्म भिवराबाईनं हेच केलं होतं.

त्या दिवशी ती पोटभर जेवली. आदिनाथची बायको निकिता लग्न होऊन आली ती धोंडीबा गेल्यानंतर. तिनं सासूला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मायनं स्वतःच टेप लावायला सांगितला. ओव्या तशाच झाल्या. हाक मात्र नदीच्या अलीकडून आल्यासारखी वाटली. मायनं पुन्हा ओ दिली.

आदिनाथला पहिला संशय आला तो निकितावर. हिनं आवाज वाढवला असणार. त्यानं बटणापाशी कुंकवाची रेघ ओढली. तिसऱ्या दिवशी रेघ जागच्या जागी होती, आणि हाक गल्लीच्या तोंडाशी आली होती. त्यानं तीच कॅसेट आपल्या आधीच्या स्टिरिओवर लावून पाहिली. तिथं हाक अजून माळापलीकडेच होती.

चौथ्या दिवशी सकाळीच त्यानं सूर्यभानला फोन लावला आणि हाक जवळ येतेय ते सांगितलं.

पलीकडून दबका आवाज आला. "भाऊ... हाकेला कुणी ओ तर दिली न्हाई ना?"

"का?"

"आजच्या आज परत आणा. मी पैसे देतो, वरून भाडं बी देतो."

वरून भाडं? कुठला दुकानदार स्वतः होऊन भाडं देतो? आदिनाथचं मन लगेच उलटं फिरलं. डब्यात काहीतरी किमती असणार, चुकून विकला गेला आणि आता हा परत मिळवायला बघतोय. "बघू," म्हणून त्यानं फोन ठेवला. पण मायला मात्र बजावलं, "आज ओ देऊ नको. माझी शपथ आहे तुला."

"न्हाई देत," भिवराबाई इतक्या सहज म्हणाली, की त्याला तेही खटकलं.

त्या दिवशी त्यानं मुद्दाम दुपारीच टेप लावला. बाहेर लख्ख ऊन होतं. रस्त्यावरून कापसाचे टेम्पो जात होते. ओव्या संपल्या. खरखर सुरू झाली. आदिनाथ श्वास रोखून मायच्या तोंडाकडं बघत राहिला. खरखर चालूच राहिली, आणि खटकन कॅसेट संपली.

हाक आलीच नाही.

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. सुटलो, असं त्याला मनापासून वाटलं. त्यानं प्लग काढला. "बघ माय, काही नव्हतं. यंत्रातलाच बिघाड होता. आज हाक आली का?"

"आता कशाला हाक मारतील?" भिवराबाई शांतपणे म्हणाली. "आले की."

आदिनाथनं खोलीभर नजर फिरवली. खोलीत ती दोघंच होती. ओल्या लोकरीचा वास मात्र दाटला होता.

तेवढ्यात निकिता चहा घेऊन आली. ट्रेमध्ये दोन कप होते आणि एक अ‍ॅल्युमिनियमची वाटी. वाटीतून वाफ निघत होती.

"ही... वाटी कशाला?"

"त्या बाबांनीच मागितली की," निकिता दाराकडं बघत म्हणाली. "आत्ता स्वयंपाकघरात आलते. कप नको म्हणले, वाटीत दे. अन् लवकर दे म्हणले, उजेड हाय तवर निघायचंय दोघांना. कोण हायत वो ते? तुमच्या गावाकडचे का?"

आदिनाथनं मायकडं वळून पाहिलं. भिवराबाई उंबऱ्यापाशी बसून पायात वहाणा घालत होती.